उभ्या गाडीची बॅटरी: मुलाची स्नोमोबाइल तिकडे, माझी बुलेट इथे. काय काळजी घ्यावी?

लोकमान्यनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. मुलगा कॅनडात, ओंटारियोच्या उत्तर भागात नोकरीला आहे. त्याने यंदा एक वापरलेली स्नोमोबाइल घेतली, सेल्फ स्टार्टची. सोबत आलेली बॅटरी कधी बसवली, कशी ठेवली, काही पत्ता नाही. हीच चालवावी की नवी घ्यावी, नवी घेतली तर कोणती, आणि बर्फ वितळल्यावर गाडी सात-आठ महिने शेडमध्ये पडून असते तेव्हा बॅटरीचं काय करायचं, असं त्याने मला विचारलंय. घरच्या बुलेटची बॅटरी मी सांभाळतो हे त्याने लहानपणापासून पाहिलंय, म्हणून. पण माझा सगळा हिशोब इंदूरच्या हवेचा. तिकडे हिवाळ्यात उणे पंचवीस सहज होतं.

दुसरा प्रश्न माझा. आम्ही दोघं नोव्हेंबर ते मार्च त्याच्याकडे जाणार. इथे बुलेट आणि हिची स्कूटर तोवर उभ्याच. शेजारचा मुलगा म्हणतो, "काका, मी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेवत जाईन." तेवढं पुरेल का?

वायरमन_मास्तर (इंदूर)

तुमचे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. लेड-ॲसिड बॅटरी वापरून जेवढी खराब होत नाही तेवढी अर्धी उतरलेल्या अवस्थेत उभी राहून होते. थंडी, ऊन, कंपनी, किंमत हे सगळं त्यानंतर.

आत काय होतं ते सांगतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. बॅटरी उतरत जाते तसं दोन्ही बाजूंच्या प्लेटांवर लेड सल्फेट बसत जातं. लवकर चार्ज केली तर ते मोडतं आणि सल्फेट परत ॲसिडमध्ये जातं. पण आठवडे-महिने तशीच राहिली, तर त्याचे खडे मोठे आणि कडक होतात. मग चार्जर कितीही वेळ लावा, प्लेटेचा तेवढा भाग कामातून गेला. आयटीआयमध्ये शिकवत होतो तेव्हा मुलांसमोर हातमोजे घालून मेलेली बॅटरी उघडून दाखवायचो. चांगली निगेटिव्ह प्लेट राखाडी असते, टोकदार वस्तूने ओरखडली की धातूची चमक दिसते. उभी राहून मेलेल्या बॅटरीची प्लेट पांढुरकी आणि वाळूसारखी खरखरीत. एकदा तो फरक पाहिला की मुलं बॅटरी कधी उतरलेली ठेवत नसत.

मुलाला आधी मल्टिमीटर घ्यायला सांगा. बॅटरी गाडीपासून सोडवून रात्रभर नुसती ठेवायची आणि सकाळी मोजायची. चार्जरवरून काढल्या-काढल्या मोजू नका, वरवरचा चार्ज आकडा फुगवून दाखवतो. साध्या पाण्याच्या बॅटरीला १२.६ ते १२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. एजीएम (ॲसिड चटईत शोषलेली, पाणी न घालायची सीलबंद) बॅटरी भरलेली असेल तर थोडं जास्त दाखवते, १२.८ ते १३. बघा, पूर्ण आणि निम्मी यांत अर्ध्या व्होल्टचाही फरक नाही. म्हणून "बारा दाखवतेय, म्हणजे ठीक आहे" असं कधी धरायचं नाही.

सियागंज_बॅटरीवाला (इंदूर)

मास्तरांचं सगळं बरोबर. दुकानदार म्हणून एक जोडतो. नुसता व्होल्टेज बॅटरीची तब्येत सांगत नाही, ती किती भरली आहे तेवढंच सांगतो. दुकानात लोक १२.६ वाली बॅटरी घेऊन येतात आणि म्हणतात, गाडीतच फॉल्ट आहे. मी लोड टेस्टरचे चिमटे लावतो, बटण दाबतो, आणि काटा धाडकन आठच्या खाली येतो. म्हणजे वरून भरलेली, आतून प्लेटा संपलेल्या.

पद्धत अशी: बॅटरी आधी पूर्ण चार्ज करून शांत होऊ द्यायची. तिच्या सीसीए आकड्याच्या (थंडीत सेल्फ मारायची ताकद सांगणारा, बॅटरीवर छापलेला ॲम्पिअरचा आकडा) निम्मा करंट पंधरा सेकंद ओढायचा. खोलीच्या तापमानाला व्होल्टेज ९.६ च्या वर टिकला तर बॅटरी चांगली. टेस्टर नसेल तर मीटर टर्मिनलला लावून सेल्फ मारा आणि स्टार्टर फिरताना आकडा बघा. दहाच्या वर राहिला तर निश्चिंत. साडेनऊच्या खाली गेला तर चार्ज करून परत बघा, तेव्हाही तसंच झालं तर बदला.

जुन्या गाडीबरोबर आलेल्या, इतिहास माहीत नसलेल्या बॅटरीवर मी तरी बर्फात भरवसा ठेवणार नाही. गल्लीत बंद पडली तर ढकलत घरी आणता येते. जंगलात काय करणार?

उत्तर_ओंटारियो

मूळचा रामबागचा, आता बरीच वर्षं इकडे. माझ्याकडे स्लेड आहे (इकडे स्नोमोबाइलला सगळे तेच म्हणतात). काका, चिरंजीवांना काही गोष्टी सांगा.

आधी मॅन्युअलमध्ये बॅटरीचा नंबर बघायचा. बऱ्याच सेल्फ स्टार्ट स्लेडना वायटीएक्स-२०एल-बीएस मापाची एजीएम बसते: १८ एएच (ॲम्पिअर-तास, म्हणजे किती साठवते तो आकडा), साधारण २७० सीसीए, १७५ बाय ८७ बाय १५५ मिलिमीटर. पण सगळ्यांना नाही, म्हणून अंदाजाने घेऊ नका. नंबरातलं 'एल' टर्मिनल कुठल्या बाजूला आहे ते सांगतं. ते उलटं आलं तर केबल पोचत नाही, आणि ताणून पोचवली तर ती कुठेतरी घासून शॉर्ट होते. काही हलक्या मॉडेलांत तर बॅटरीच नसते, अल्ट्राकपॅसिटर (थोड्या वेळापुरती वीज साठवणारा भाग) असतो: दिवसाची पहिली सुरुवात दोरी ओढून, नंतर बटणावर.

सीसीए म्हणजे उणे १८ अंशांना बॅटरी ३० सेकंद किती करंट देऊ शकते, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता. इंदूरमध्ये बुलेटची बॅटरी घेताना हा आकडा कोणी विचारत नाही, गरजही नाही. इकडे तोच आधी बघतात. कंपनीने दिलाय त्याहून कमी कधीच घ्यायचा नाही, थोडा जास्त मिळाला तर उत्तम. कारण थंडीत दुहेरी मार बसतो: बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि इंजिन गारठल्यामुळे ते फिरवायला करंट जास्त लागतो.

आणि एजीएमच घ्या. स्लेड उड्या मारते, कलंडते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं, सांडत नाही, आणि प्लेटा घट्ट दाबलेल्या असल्याने हादऱ्यांनी झडत नाहीत. पाण्याची बॅटरी असलेल्या जुन्या स्लेडही आहेत, पण त्यांची व्हेंटची नळी जागेवर आहे ना हे सतत बघावं लागतं, नाहीतर ॲसिडने खालचं ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

बडोदेकर_रायडर (वडोदरा)

लिथियमचा विषय कोणी काढला नाही. माझ्या बुलेटला लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. उचलून बघा, हातात खोकं रिकामं असल्यासारखं वाटतं. महिनोन् महिने उभी राहिली तरी उतरत नाही, आणि अर्धवट चार्जवर राहिली तरी सल्फेटचा प्रश्नच नाही. मास्तर ज्या रोगाबद्दल सांगताहेत तो हिला होतच नाही. मग नवी घेतोच आहात तर हीच का नको?

उत्तर_ओंटारियो

दादा, बडोद्यात तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं. इकडे एक मोठी अडचण आहे. शून्याच्या खाली लिथियम चार्ज करायची नसते. गारठलेल्या सेलमध्ये करंट ढकलला की लिथियम आत शिरण्याऐवजी ॲनोडच्या पृष्ठावर धातू होऊन बसतं, आणि ती हानी कायमची. चांगल्या बॅटरीत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) असतो, तो थंडीत चार्जिंग अडवतो किंवा आतला हीटर लावतो. पण ते नक्की आहे का हे डब्यावर वाचूनच घ्यायचं, आणि स्लेडच्या कंपनीने लिथियम चालेल असं लिहिलंय का तेही बघायचं.

दुसरं म्हणजे तिच्यावर लिहिलेला एएच पुष्कळदा 'लेड-ॲसिडच्या बरोबरीचा' असतो, खरी क्षमता त्याहून बरीच कमी. चुकून दिवा चालू राहिला तर ती लवकर संपते. गारठ्यात पहिला सेल्फ मरगळलेला वाटतो. त्यासाठी अर्धा-एक मिनिट हेडलाइट लावून बॅटरी आतून थोडी गरम करायची, मग दुसरा सेल्फ जोरात लागतो. ज्यांना हे माहीत आहे ते लिथियम आनंदाने वापरतात. काकांच्या मुलाचा पहिलाच हिवाळा आहे, म्हणून मी एजीएम म्हणतोय.

वायरमन_मास्तर (इंदूर)

लिथियमला चार्जरही तिचाच हवा. लेड-ॲसिडच्या काही चार्जरांत डी-सल्फेशनचा (कडक झालेलं सल्फेट मोडायचा) मोड असतो, तो १५ व्होल्टच्या वर झटके देतो. लिथियमला ते घातक आहे, आणि एजीएमलाही सहसा देऊ नये.

आता काकांच्या शेजाऱ्याच्या मुलाबद्दल. त्याची भावना चांगली आहे, त्याला दुखवू नका. पण हा उपाय उपयोगाचा नाही. सेल्फ मारला की स्टार्टर एकदम मोठा करंट ओढतो. मग गाडी जागेवर आयडलला दहा मिनिटं. आयडलला अल्टरनेटर जेमतेम वीज देतो, आणि २०१७ पासूनच्या दुचाकींना हेडलाइट बंदच करता येत नाही, म्हणजे त्यातली बरीच तिथेच खर्च. बॅटरीत शिल्लक फारशी पडत नाही. आठवडाभर उभं राहून जे झिरपलं ते तर भरून येतच नाही. वरून इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी धरतं. खरंच मदत करायची असेल तर त्याने गाडी बायपासला अर्धा-पाऊण तास चालवून आणावी. ते जमणार नसेल तर हातच लावू नये.

तुम्ही जाताना इतकं करा: दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करा, निगेटिव्ह केबल सोडवा, टोकाला टेप गुंडाळा. नोव्हेंबर ते मार्च इंदूरची हवा बॅटरीला उत्तम, रात्री तर छान गार. बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग तापमान दहा अंश वाढलं की सुमारे दुप्पट होतो. हेच तुम्ही एप्रिल ते ऑगस्ट गेला असतात तर मी वेगळं सांगितलं असतं.

ग्वाल्हेरची_सून (ग्वाल्हेर)

मास्तर, आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस होतं. सुट्ट्यांत मी माहेरी जाते, स्कूटर पत्र्याच्या शेडमध्ये बंद असते. परत आल्यावर दरवर्षी बॅटरी बसलेली. बाबा म्हणतात, काढून ठेवलीस तर फरशीवर ठेवू नको, लाकडी पाटावर ठेव, नाहीतर फरशी करंट खेचते. हे खरं आहे का?

वायरमन_मास्तर (इंदूर)

ताई, बाबांनी ज्या काळात हे ऐकलं त्या काळी त्यात तथ्य होतं. जुन्या बॅटऱ्यांची पेटी लाकडाची किंवा कडक रबराची आणि वर डांबराचं सील. त्यात ओल धरली की बाहेरून बारीक करंट वाहायचा. आजची पेटी पॉलिप्रॉपिलीनची, तिच्यातून काही जात नाही. फरशी उलट गार असते, तेवढाच फायदा. पाटावर ठेवलीत तरी नुकसान काही नाही.

तुमची बॅटरी उकाड्याने आणि उतरलेल्या अवस्थेत राहिल्याने जाते. काढून घरात आणा, सगळ्यात गार खोलीत ठेवा, माहेरी जाण्याआधी पूर्ण चार्ज करा. पत्र्याच्या शेडमध्ये नको. स्कूटरची बॅटरी मुळात चार-पाच एएचची, तिच्यात शिल्लक ती किती असणार?

सियागंज_बॅटरीवाला (इंदूर)

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. कारण निगेटिव्ह चेसिसला जोडलेला असतो. तो सुटल्यावर पान्हा चुकून कुठे टेकला तरी ठिणगी पडत नाही. आमच्याकडच्या पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतो.

टर्मिनलवर पांढरा-हिरवट फुलोरा आला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा. पाण्याच्या बॅटरीची बुचं घट्ट असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिड मारतो. पुसून कोरडं करा, केबल घट्ट बसवा आणि मग वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून केबल बसवू नका.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाने मीटर घेतला. रात्रभर ठेवून सकाळी १२.०५. आम्ही व्हिडिओ कॉलवर बसून बघितलं. बुलेटचाही आकडा घेतला, १२.३१. म्हणजे माझीसुद्धा पूर्ण नाही. आता चार्जिंगबद्दल सविस्तर सांगाल का? मुलाला तिथल्या दुकानात दोन चार्जर दाखवले: एक स्वस्त ट्रिकल चार्जर, एक त्याच्या तिप्पट किमतीचा स्मार्ट. आणि माझ्याकडे इथे जुना लोखंडी डब्याचा, ॲमीटरवाला आहे.

उत्तर_ओंटारियो

स्मार्टच घ्यायला सांगा, दीड-दोन ॲम्पिअरचा, एजीएम मोडचा. स्वस्त ट्रिकल चार्जर बॅटरी भरली आहे की नाही हे न बघता करंट देतच राहतो. रात्रभर ठीक, महिनाभर लावून ठेवला तर एजीएम आतून सुकते, आणि तिच्यात पाणी घालायची सोय नसते. स्मार्ट चार्जर १४.४ ते १४.७ पर्यंत नेऊन भरतो, मग १३.५ च्या आसपास उतरून नुसता सांभाळतो. मी उन्हाळाभर बॅटरी काढून बेसमेंटमध्ये तसल्या चार्जरवर ठेवतो. ज्यांना तेही नको त्यांनी महिन्या-दीड महिन्याने मोजावं आणि १२.५ च्या खाली गेली की एक रात्र चार्ज करावं.

एक लक्षात ठेवा: बॅटरी फार खाली उतरली असेल तर स्मार्ट चार्जर तिला ओळखतच नाही, दिवा लाल होतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. लोक चार्जर बिघडला समजतात.

वायरमन_मास्तर (इंदूर)

आता तुमचा लोखंडी डबा. तो वाईट नाही, पण त्याला सोडून झोपायचं नाही.

करंट एएचच्या दहाव्या हिश्शाचा. तुमची बुलेट १४ एएचची, म्हणजे १.४ ॲम्पिअर. मुलाची १८ ची असेल तर १.८. घाईसाठी जास्त करंट दिला तर प्लेटा तापतात आणि वाकतात. १२.३१ म्हणजे बॅटरी निम्म्याहून थोडी वर, म्हणजे सुमारे सहा एएच भरायचेत. चार्जिंगमधली तूट धरून पाच-सहा तास लागतील, शेवटचा टप्पा हळू जातो. दर तासाला मीटर लावा. १४.४ पर्यंत आला की लक्ष ठेवा. करंट उतरून अगदी थोडा राहिला आणि तासाभरात बदलला नाही, की झालं. पेटीला हात लावून बघा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा, तासभर निवू द्या.

तापमानाचा हिशोब फार थोडे लोक करतात, म्हणून मुद्दाम सांगतो. चार्जिंग व्होल्टेज २५ अंशांसाठी दिलेला असतो. दर अंशामागे पूर्ण बॅटरीला सुमारे २४ मिलिव्होल्टचा फरक करायचा: थंडीत वाढवायचा, उन्हात कमी करायचा. पाच अंशांच्या गॅरेजमध्ये १४.४ च्या जागी १४.९ च्या जवळ हवा, आणि आपल्या मे महिन्याच्या चाळीस अंशांत १४ पुरतो. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली १४.७ ने चार्ज केलेल्या बॅटऱ्या सुकतात त्या यामुळेच. तुमच्या मुलाने तापमान ओळखणारा चांगला चार्जर घेतला तर हे सगळं आपोआप होतं. नाहीतर बॅटरी घरात आणून साध्या तापमानाला चार्ज करावी, हे सगळ्यात सोपं.

जागा मोकळी हवेशीर हवी. चार्ज होताना पाण्याच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. देवघरात समई तेवत असताना शेजारच्या कोनाड्यात बॅटरी चार्जला लावू नका. चिमटे लावताना-काढताना चार्जर बंद. डोळ्यांवर चष्मा.

ग्वाल्हेरची_सून (ग्वाल्हेर)

इन्व्हर्टरच्या बॅटरीत आम्ही एसीच्या पाइपचं पाणी घालतो, ते पण वाफेचंच पाणी ना? आणि आरओचं चालतं का?

सियागंज_बॅटरीवाला (इंदूर)

ताई, दोन्ही नको. एसीचं पाणी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. आरओच्या पाण्यात क्षार कमी होतात, पण संपत नाहीत. डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन फार महाग नाही, बॅटरी महाग आहे. पाणी चार्ज झाल्यावर वरच्या खुणेपर्यंत भरा. चार्जच्या आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच घाला, नाहीतर चार्ज होताना पाणी फुगून बाहेर येतं. आणि ॲसिड कधीच घालायचं नाही. ॲसिड उडून जात नाही, फक्त पाणी जातं.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

पुढची खबर. मुलाने स्मार्ट चार्जरवर रात्रभर लावली, हिरवा दिवा आला. काढून दिवसभर नुसती ठेवली, तर संध्याकाळी १२.४. सेल्फ मारताना ८.९ पर्यंत खाली. गाडी चालू झाली, पण स्टार्टर दमल्यासारखा फिरला. बाहेर अजून फक्त शून्याच्या आसपास आहे. तो विचारतो आहे, हा हिवाळा निघेल का?

उत्तर_ओंटारियो

नाही निघणार. शून्याला ८.९ म्हणजे उणे वीसला नुसता टक्-टक् आवाज येईल. काका, ही बॅटरी बदलायला लावा, आत्ताच.

आणखी एक धोका आहे. भरलेली बॅटरी उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही. निम्मी उतरलेली उणे पंचवीसच्या आसपास गोठू लागते. पूर्ण उतरलेली तर उणे सात-दहालाच, कारण तिच्यात ॲसिड जवळपास पाणी झालेलं असतं. गोठली की प्लेटा वाकतात, पेटीला तडा जातो. म्हणून इकडे थंडी बॅटरीला मारते असं म्हणतात ते अर्धंच खरं. भरलेली असेल तर थंडीत ती उलट जास्त टिकते, उतरण्याचा वेगच मंदावतो. बाजूने फुगलेली बॅटरी दिसली तर तिला चार्जर लावायचा नाही, जंपही द्यायचा नाही. घरात आणायची, आपोआप वितळू द्यायची, आणि फुगलेलीच राहिली तर भंगारात.

सियागंज_बॅटरीवाला (इंदूर)

नवी घेताना तारखेचा कोड बघायला सांगा. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडलेली बॅटरी नवी नसते. तिथेच मीटर लावा. भरून सील करून आलेली एजीएम १२.५ च्या खाली दाखवत असेल तर दुसरी मागा.

कोरडी बॅटरी आणि सोबत ॲसिडची बाटली अशी मिळाली तर घाई नको. बाटलीतलं सगळं ॲसिड भरायचं, अर्धा-एक तास प्लेटांना पिऊ द्यायचं, मग पहिला चार्ज धीम्या करंटने पूर्ण द्यायचा आणि नंतरच सील दाबून कायमचं बंद. ॲसिड भरल्यावर बॅटरी सुमारे ८० टक्केच असते. लोक तशीच बसवून निघतात, आणि पुढे आयुष्यभर ती पूर्ण भरत नाही.

जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्या. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट नियमांप्रमाणे जुन्या बॅटरीच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि दुकानात तिचे पैसेही वजा होतात. आतलं शिसं गल्लीतल्या भट्टीत वितळवलं जाऊ नये एवढीच माझी कळकळ. तो धूर मुलांच्या रक्तात जातो.

वायरमन_मास्तर (इंदूर)

काका, मुलाचं मार्गी लागलं. आता तुमच्या बुलेटला १२.३१ का आली ते शोधा. तुम्ही रोज चालवता ना? मग ती भरलेली असायला हवी.

आधी गाडी चालू करून रेस थोडी वाढवा आणि टर्मिनलवर मोजा. १३.८ ते १४.५ यायला हवेत. ते ठीक असेल तर गळती बघा. चावी बंद, निगेटिव्ह केबल सोडवा, मीटर १० ॲम्पिअरच्या खाचेत लावून केबल आणि टर्मिनलच्या मध्ये जोडा. मीटर लावलेला असताना चावी फिरवू नका, सेल्फ तर अजिबातच नको, फ्यूज जाईल. चार-पाच मिलिॲम्पिअरपर्यंत चालेल.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

चार्जिंग १४.१, म्हणजे ठीक. गळती मात्र ३८ मिलिॲम्पिअर! मुलानेच मागे हट्टाने बसवून घेतलेला जीपीएस ट्रॅकर आणि अलार्म. त्यांचा फ्यूज काढला तर आकडा एकदम १ वर आला.

वायरमन_मास्तर (इंदूर)

हिशोब करा. ३८ मिलिॲम्पिअर गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला ०.९ एएच. १४ एएचची बॅटरी पंधरा-सोळा दिवसांत पूर्ण रिकामी. तुमची रोजची फेरी मंडईपर्यंत आणि परत, तेवढ्यात इतकं भरून निघत नाही, म्हणून ती कायम निम्म्यावर घोटाळत होती. नोव्हेंबरला तशीच सोडून गेला असतात तर डिसेंबर उजाडायच्या आत ती शून्यावर असती आणि मार्चपर्यंत तशीच पडली असती.

ट्रॅकर काढायची गरज नाही. जाताना निगेटिव्ह सोडवा. गाडीवर लक्ष राहावं म्हणून ट्रॅकर चालूच हवा असेल तर घरात कोणीतरी स्मार्ट चार्जर लावून ठेवायला हवा, दुसरा मार्ग नाही. निगेटिव्ह सोडवून गेलात तर शेजारच्या मुलाला एवढंच काम द्या: दर महिन्याला मीटर लावून आकडा तुम्हाला पाठवायचा, आणि १२.४ च्या खाली गेला की एक रात्र चार्जर.

बडोदेकर_रायडर (वडोदरा)

मास्तर, हे वाचून मीही आज मोजलं. माझ्याकडे यूएसबी चार्जिंग सॉकेट सरळ बॅटरीवरून घेतलंय, फोन लावलेला नसतानाही ९ मिलिॲम्पिअर ओढतंय. याला काय करू?

सियागंज_बॅटरीवाला (इंदूर)

दादा, सॉकेटची वायर इग्निशनच्या लाइनवरून रिले (चावीच्या करंटने चालू-बंद होणारा स्विच) टाकून घ्या. चावी बंद झाली की सॉकेट बंद. फ्यूज मात्र बॅटरीच्या जवळ असू द्या, सॉकेटच्या जवळ नको, म्हणजे मधली वायर घासली तरी फ्यूजच आधी उडेल. चार-पिनचा साधा रिले पुरतो: ८५ आणि ८६ कॉइलच्या पिना, ३० वर बॅटरीची फ्यूजवाली वायर, ८७ वरून सॉकेट. कॉइलची एक पिन इग्निशनला, दुसरी अर्थला. बसवल्यावर चावी बंद करून परत एकदा मोजा.